तिसऱ्या अध्यायातल्या यातना

धर्माजी नारिंग्रेकर गेले, त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गरुडपुराणाच्या वाचनाला बसले आणि घरात गरुडपुराणच नाही, हे लक्षात आलं.

दुसऱ्या कुठल्याही घरात ही गोष्ट रीतीला धरून होती. शहाणा माणूस गरुडपुराण घरात ठेवत नाही. कोणी गेलं की आणायचं, दिवस होईपर्यंत वाचायचं आणि तेरावं उरकलं की देवळात नेऊन द्यायचं किंवा पाण्यात सोडायचं. ठेवलं तर पुन्हा लागेल ही भीती. पण हे घर पडलं नारिंग्रेकर प्रकाशनाचं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कोणाच्या घरी माणूस गेला की धर्माजींनी छापलेली लाल पुठ्ठ्याची पोथी यायची. "ह्या पुस्तकाक सेकंड हॅण्ड नाय," असं धंद्याचं मर्म धर्माजी सांगत, आणि सांगून झालं की गेलेल्या अनोळखी माणसासाठी हात जोडत.

नारिंग्रेकरांच्या कांदिवलीच्या फ्लॅटमध्ये पिठावर दिवा तेवत होता. धर्माजींचे धाकटे भाऊ आप्पाकाका मुलुंडहून वाचनासाठी आले होते. भजनीबुवा माणूस, आवाज खणखणीत. त्यांनी चष्मा पुसला, मांडी ठोकली आणि पोथी आणून द्या म्हणून हात पुढे केला.

"हाड पोथी."

अग्नी दिलेला मुलगा नितेश डोकं भादरून कोपऱ्यात घोंगडीवर बसला होता. त्यानं बायकोकडे, दीप्तीकडे पाहिलं. दीप्तीनं टॅब पुढे सरकवला.

"ह्या काय?" आप्पाकाकांनी विचारलं.

"पोथीच आहे, काका. आपल्याच ॲपमधली," नितेश म्हणाला. "अक्षर हवं तेवढं मोठं होतं."

"ती नको," भिंतीशी बसलेली त्याची आई, प्रेमाबाई म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच स्वतःहून बोलत होती. "जाताना तेंनी काय सांगितल्यानी? 'माझ्या दिवसांका माझी छापलेली पोथी वाचूची. काचेतली नको.' एवढाच मागितल्यानी. पाणी पण मागूक नाय."

"आई, आजच्या दिवस. उद्या आणतो."

हे नितेश बोलून गेला खरा, पण आणायची कुठून ते त्याला ठाऊक नव्हतं. पुस्तकं कुठे गेली ते मात्र चांगलंच ठाऊक होतं.

आप्पाकाकांनी नाइलाजानं टॅब मांडीवर घेतला. दोन अध्याय बरे गेले. तिसऱ्यात यमलोकातल्या यातना सुरू झाल्या. आप्पाकाकांना रंग चढला. "आणि हे गरुडा, कित्येक पापी उकळत्या तेलात वड्यांसारखे तळले जातात," असं त्यांनी म्हटलं आणि काचेतून एक बाई गाऊ लागली. तिच्या हातात तेलाची पिशवी होती आणि ते तेल इतकं हलकं होतं की हृदयाला कळतसुद्धा नव्हतं. धर्माजी हृदयविकारानंच गेले होते.

"बंद कर ता," कोणीतरी म्हणालं.

"पोथी मधेच थांबवूची नसता," आप्पाकाका म्हणाले. ते नियमाचे पक्के. त्यामुळे गाणं संपल्यावर काचेवर जे जे आलं ते त्यांनी त्याच आवाजात वाचून काढलं. "अभिनंदन. आपण तीन अध्याय पूर्ण केले. ही आनंदाची बातमी आपल्या मित्रांना कळवा. आपल्याला हेही आवडेल, ओटीभरण, विधी आणि गाणी."

प्रेमाबाई उठून आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "उद्या छापलेली नसली, तर वाचन बंद."

जाहिरातीवाचून वाचायची सोय नव्हती असं नाही. ती धर्माजींच्या एकट्याच्या खात्यावर होती. ते खातं त्यांच्या फोनमध्ये होतं आणि फोन त्यांच्या अंगठ्यानं उघडायचा. तो अंगठा त्याच दिवशी सकाळी बाकीच्या अस्थींबरोबर खाडीत सोडून झाला होता. नितेशनं ॲप बनवणाऱ्या कंपनीला कळवलं, तर कंपनीनं आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

आता नितेश काही वाईट मुलगा नव्हता, हेही सांगायला हवं. धर्माजी कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संपात गिरणी गेली तेव्हा त्यांनी छपाईचं एक जुनं ट्रेडल मशीन घेतलं आणि गिरणगावातल्या भजनी मंडळांसाठी अभंगांच्या चोपड्या छापायला लागले. त्यातून आरत्या, व्रतं, कहाण्या आणि शेवटी हे गरुडपुराण. त्यातलं अक्षर त्यांनी मुद्दाम ठळक, मोठं घेतलं होतं. ज्याच्या डोळ्यात पाणी आहे त्याला बारीक दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. नितेश हे सगळं मानायचा. पण दुकानांतून मागणी आटत चालली, गोडाऊनची इमारत पाडायला निघाली आणि जो भेटेल तो म्हणायला लागला की आता छापील कोण वाचतो. भल्याभल्या प्रकाशकांची झोप उडाली होती, तिथे नारिंग्रेकर किस झाड की पत्ती. नितेश घाबरला आणि घाबरलेला माणूस करतो तसं त्यानं सगळं एकदम केलं.

'घरपोथी' नावाचं ॲप काढलं. दुकानांतला माल टेम्पो पाठवून परत आणला, म्हणजे लोक ॲपकडे वळतील. गोडाऊनमधल्या मालासकट तो रद्दीत गेला. बोरिवलीला हॉल घेऊन समारंभ केला आणि त्यात तो म्हणाला, "पुस्तक मरत नाही. आत्म्यासारखं तेही जुना देह टाकून नवा घेतं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या धर्माजींनी टाळी वाजवली नाही, पण त्यांचा खांदा दुखत असेल असं सगळ्यांना वाटलं.

राहिली होती फक्त घरची प्रत. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत धर्माजी शिक्का मारून कपाटात ठेवत, गरुडपुराणाचीसुद्धा. घरात नाही, ऑफिसात. पण पुस्तक काचेत घालायचं तर ते स्कॅनिंगच्या मशीनला सुटं लागतं, पान न् पान वेगळं. म्हणून नितेशनं कटिंगवाल्याला बोलावलं आणि सगळ्या घरच्या प्रतींच्या पाठी सरळ कापून घेतल्या. पुस्तक कायमचं जपून ठेवायचं म्हणून त्याची शेवटची प्रत कापायची, ही अक्कल एखाद्या प्रकाशकालाच सुचू शकते. धर्माजी दारात उभं राहून बघत होते. "कापलंस ता कापलंस," ते म्हणाले, "शिवतलो कोण?" आणि गॅलरीत जाऊन बसले. काम झाल्यावर सुटी पानंही रद्दीच्याच वाटेनं गेली.

दुसऱ्या दिवशी दीप्ती गाडी काढून निघाली. अग्नी दिलेल्यानं दिवसांत भटकू नये, कोणाला शिवू नये, म्हणून नितेश मागच्या सीटवर घोंगडी अंथरून बसला.

"मी म्हटलं होतं, एक तरी प्रत ठेव," दीप्ती म्हणाली.

"कधी म्हणालीस?"

"मनात."

"मनात काय उपयोग, यार."

"तू समारंभात इतका खूश होतास ना. बोलवेना."

बोरिवलीच्या दुकानदार चंद्रप्रकाशनं नितेशचं डोकं बघितलं आणि काउंटरमागून उठून हात जोडले. धर्माजींचा माल त्याच्या वडिलांच्या काळापासून त्या दुकानात येत होता.

"एक प्रत हवी होती. गरुडपुराणाची," नितेश पायरीखालूनच म्हणाला.

"कोणाची?"

"आमचीच."

चंद्रप्रकाशनं जोडलेले हात खाली घेतले. "नितेशभाऊ, तुम्हीच उचलून नेलात ना माल. मी म्हणत होतो, चार प्रती राहू द्या, मयताला लोक धावत येतात. तुम्ही म्हणालात, सवय मोडली पाहिजे." त्यानं फळी दाखवली. पोथ्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगली होती आणि वर घरपोथीचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला होता. "हे स्कॅन करा म्हणतो लोकांना."

"मग?"

"लोक म्हणतात, घरात माणूस पडलाय आणि तू स्कॅन काय करायला सांगतोस."

तिथून मुलुंडचं वाचनालय. तिथे एक प्रत नक्की होती, धर्माजींनी स्वतः भेट दिलेली. गंधाली म्हणून तिथली ग्रंथपाल होती. तिनं खिडकीतूनच सांगितलं, "तुमचे धार्मिक विभागाचे सगळे ग्रंथ तुम्ही बदलून नेलेत सर. त्याबदली आम्हाला ॲपचं सभासदत्व दिलंत. शाल पण दिलीत. फोटो आहे बघा."

भिंतीवर फोटो होता. नितेश हसत होता, मागे पुस्तकांचे गठ्ठे टेम्पोत चढत होते.

"त्या सभासदत्वाचं काय झालं?" दीप्तीनं विचारलं.

"आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी येतात. एक आजोबा तुळशीचं लग्न वाचत होते, त्यात कसल्याशा गोळ्यांची जाहिरात आली. तेव्हापासून टॅब कपाटात आहे," गंधाली म्हणाली आणि खाली बघू लागली.

परतताना दीप्तीला सुचलं, की मजकूर आपल्याकडेच आहे तर कागदावर काढून घ्यावा. घरपोथीतून कागदावर काही काढता येऊ नये म्हणून नितेशनंच कंपनीला कुलूप घालायला लावलं होतं. तरी झेरॉक्सवाल्यानं काचेचे फोटो काढकाढून, काहीतरी खटपट करून गठ्ठा बाहेर काढलाच. प्रत्येक पानावर आडवं, राखाडी अक्षरात उमटलं होतं, 'विनापरवाना छपाई करू नये.' तिसऱ्या अध्यायाच्या पानावर तेलवाली बाईसुद्धा आली होती.

प्रेमाबाईनं तो गठ्ठा दोन बोटांत धरला. "ह्या काय? लायटीचा बिल?"

"आई, शब्द तेच आहेत. बाबांचेच आहेत."

"शब्द तेच आसत. तेंका होया होता तां ह्या न्हय." तिनं गठ्ठा परत दिला. मग दिव्यात तेल घालत म्हणाली, "घाटकोपराक जा."

नितेशनं दीप्तीकडे पाहिलं. घाटकोपरला काय आहे ते दोघांनाही माहीत होतं आणि तिथे जायची वेळ येऊ नये म्हणूनच ते मुलुंडहून घाटकोपर टाळून आले होते.

घाटकोपरला एका देवळाबाहेर शेवंताबाई बसायची. हळदकुंकू, वाती, कापूर आणि पोथ्या. त्या पोथ्या धर्माजींच्या होत्या आणि नव्हत्याही. धर्माजींच्या पोथीचे फोटो काढून ती कुठल्याशा गाळ्यात चोरून छापून घ्यायची. पुठ्ठा लालऐवजी पिवळा, कागद पापडासारखा. धर्माजींनी एकदा पोलिसात तक्रार केली, तर हवालदारानंच तिच्याकडून आरतीसंग्रह विकत घेतला. तेव्हापासून दर श्रावणात धर्माजी एकदा घाटकोपरला जाऊन तिच्याशी भर रस्त्यात भांडून येत. आल्यावर त्यांना दोन घास जास्त जात.

नितेश तिच्याबद्दल समारंभातही बोलला होता. "ॲपमुळे चोरी कायमची थांबेल," असं.

दुसऱ्या दिवशी दीप्तीनं गाडी देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे लावली. सुतकात देवळाजवळ जायचं नाही. नितेश पलीकडच्या फूटपाथवर उभा राहिला आणि रिक्षांच्या वरून ओरडला.

"मावशी!"

काळ्या छत्रीखाली बसलेल्या शेवंताबाईनं मान वर केली. "इकडं ये की. ओरडतोस कशाला?"

"सुतक आहे."

"मग तिथंच थांब. काय पायजे?"

"गरुडपुराण."

"कुणाचं?"

"नारिंग्रेकरांचं."

"अस्सल आता मिळत नाय. माझंच हाय. चालंल?"

नितेशनं खाली मान घातली. "चालेल."

शेवंताबाईनं छत्री बाजूला केली आणि डोळ्यांवर हात धरला. "तू धर्माजीचा ना रे? नाक तेच हाय. कोण गेलं तुमच्यात?"

मध्ये एक पाण्याचा टँकर आला. नितेश काहीतरी बोलला, ते तिला ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं बोल की!"

"बाबा," नितेश ओरडला. "बाबा गेले, मावशी."

चार दिवसांत हे वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं. फोन दीप्तीनं केले होते, कागदपत्रं मेहुण्यानं केली होती आणि तो स्वतः पोथीच्या मागे धावत होता. आता ते भर रस्त्यात, हॉर्नच्या वर आवाज काढून म्हणावं लागलं आणि म्हटल्यावर त्याला रडू कोसळलं. दीप्ती गाडीतून उतरली, पण त्याला धरू का नको हे तिला कळेना, म्हणून नुसतीच जवळ उभी राहिली.

शेवंताबाईनं पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "तरीच ह्या श्रावणात भांडायला आला नाय म्हातारा. मला वाटलं, माझ्यावर रागावला."

तिनं पोत्याखालून एक पिवळी पोथी काढली, झाडून वर्तमानपत्रात गुंडाळली, रस्ता अर्धा ओलांडून दुभाजकावर ठेवली आणि परत जाऊन बसली. मग नितेशनं अर्धा रस्ता ओलांडून ती उचलली. दोन्हीकडचे रिक्षावाले थांबून बघत होते.

"तुम्ही अजून छापता?" त्यानं दुभाजकावरूनच विचारलं.

"मग? माणसं मरायची थांबलीत का?"

"आम्हाला तर सगळे म्हणाले, छापील कोणी घेत नाही."

"तुला सांगायला जे येतात ते जिते असतात रे बाबा," शेवंताबाई म्हणाली. "माझ्याकडं येणाऱ्याच्या मागं तिरडी बांधलेली असती. दहावा कुठं हाय?"

त्यानं खाडीकाठची जागा सांगितली.

संध्याकाळी प्रेमाबाईनं पोथी हातात घेतली. पिवळा पुठ्ठा बघून तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं पहिलं पान उघडलं. अक्षर थोडं फुटलेलं, पण मोठं, धर्माजींनी निवडलेलं. खाली 'प्रकाशक : धर्माजी नारिंग्रेकर, कांदिवली' असं जसंच्या तसं. चोरानं मालकाचं नावही चोरून नेलं होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि पोथी आप्पाकाकांकडे दिली.

"पहिल्या पानापासून," ती म्हणाली. "एक अक्षर सोडू नकात."

आप्पाकाका कशाला सोडतायत. त्यांनी मुखपृष्ठापासून सुरुवात केली. किंमत वाचली, आवृत्ती वाचली आणि मग चौकटीतली सूचना आली. धर्माजींचा कोर्टकचेरीवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी कायद्याऐवजी ही सूचना स्वतःच्या मनानं लिहिली होती आणि शेवंताबाईनं तीही इमानेइतबारे छापली होती.

"सूचना," आप्पाकाका खड्या आवाजात म्हणाले. "ही पोथी चोरून छापणाऱ्यास, तसेच ही पोथी फाडणाऱ्यास अथवा कापणाऱ्यास, तिसऱ्या अध्यायातील यातना भोगाव्या लागतील."

सगळ्या खोलीनं नितेशकडे पाहिलं. पुढे तिसरा अध्याय येईपर्यंत कोणी नजर हलवली नाही आणि वड्यांच्या जागी तर एका आतेनं त्याच्याकडे बघून चक्क सुस्कारा सोडला. त्या रात्री नितेशला घोंगडीवर झोप लागली नाही. बाबांनी ही ओळ कितीतरी वर्षांपूर्वी लिहिली होती, तेव्हा तो शाळेत होता. ती आपल्यासाठी नाही हे त्याला पटत होतं, तरी अंगावर काटा येत होता.

दहाव्याला खाडीकाठच्या शेडमध्ये पिंड मांडले. समोरच्या तिवराच्या झाडावर एक कावळा येऊन बसला. एकच. त्यानं पिंडाकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि चोच पंखात घालून बसून राहिला.

"काय इच्छा राहिली असेल ती बोला," गुरुजी म्हणाले. त्यांना बोरिवलीत दुसरं दहावं होतं.

"मी बरी ऱ्हवान," प्रेमाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाली. "माझी काळजी करू नकात." कावळा हलला नाही.

"आईला मी सांभाळेन, बाबा," नितेश म्हणाला. कावळ्यानं एक डोळा उघडला.

"आई माझ्याकडेच राहतील," दीप्तीनं पुस्ती जोडली. कावळ्यानं तो डोळा मिटला.

ऊन चढत होतं. आप्पाकाकांनी गावचं घर वाटून न घेण्याचं वचन दिलं, मेहुण्यानं दारू सोडायचं दिलं आणि त्याबद्दल त्याच्या बायकोनं कावळ्याला मनोमन हात जोडले. पण कावळा शिवेना. गुरुजींनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली. "कधी कधी होतं असं. दर्भाचा कावळा करू, तो शिववू. शास्त्रात सोय आहे."

"म्हणजे कावळो पण काचेतलो?" प्रेमाबाई म्हणाली.

गुरुजींनी जुडी परत ठेवली. सगळे नितेशकडे बघत होते. नितेश पुढे झाला. बाप समोर झाडावर बसलाय आणि आपल्यामुळे अडकलाय, याखेरीज त्याच्या डोक्यात काही नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "चुकलो. ॲप बंद करतो. पोथी पुन्हा छापेन. तुमच्याच अक्षरात. लाल पुठ्ठ्यात."

कावळ्यानं मान तिरकी करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उडाला आणि मागच्या, आणखी लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

"तुझ्यार तेंचो इश्वास नाय रे, झिला," आप्पाकाका हळूच म्हणाले. नितेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेवढ्यात शेडच्या टोकाला काळी छत्री दिसली. शेवंताबाई रिक्षातून उतरून, धापा टाकत येत होती. ती कोण हे दीप्तीनं सासूच्या कानात सांगितलं. प्रेमाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि सरकून जागा दिली.

शेवंताबाईनं झाडाकडे पाहून हात जोडले. "धर्माजी, माझ्यापायी जीव अडकला असंल तर सांगते. लई छळलं तुमाला. आजपासून तुमची पोथी चोरून छापायची नाय. शप्पथ."

कावळा काव काव करत फांदीवर नाचायला लागला. पंख फडफडवून त्यानं असा काही कालवा केला की गुरुजींनी मंत्र थांबवला. सगळ्यांना वाटलं आता येतो, पण तो उलट खाडीच्या दिशेनं तोंड करून उडायच्या बेतात बसला.

शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. पंधरा श्रावण त्या माणसाशी भांडून तिला त्याचा स्वभाव कळला होता.

"बरं बाबा," ती वैतागून म्हणाली, "छापत राहीन. झालं?"

कावळा सरळ खाली आला. कोणाकडे न बघता त्यानं मधल्या पिंडाला चोच मारली, भाताचं शीत उचललं आणि तिवरांच्या वरून निघून गेला.

गुरुजींनी घाईघाईनं सामान आवरलं. प्रेमाबाई मात्र रडता रडता हसत होती. लग्नापासून तिनं नवऱ्याला एवढ्या झटकन कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं.

परत निघताना शेवंताबाई नितेशजवळ आली, पण हातभर अंतर राखून उभी राहिली.

"आता चोरून नाय म्हणता यायचं," ती म्हणाली. "तुझ्या बापानं सगळ्यांसमोर परवानगी दिली. नवीन आवृत्ती काढतेय. ती चौकट काढून टाकू का रे? तिसऱ्या अध्यायाची?"

नितेश चपलेविना गरम वाळूवर उभा होता. त्यानं थोडा विचार केला.

"तुमचा अर्धा भाग काढा, मावशी," तो म्हणाला. "माझा राहू द्या."